मनोऱ्यावरची उडी

त्या थिएटरला सगळे मारामारीचं थिएटरच म्हणायचे. पाटीवर दुसरं काहीतरी भारदस्त नाव होतं म्हणे, पण निम्मी अक्षरं गळून पडलेली आणि उरलेली वाचायची कुणाला पडली होती? आत काय चालतं ते रस्त्यावर ऐकू यायचं. दुपारी बाराच्या खेळाला भिंतीपलीकडून ‘हू’, ‘हा’ आणि ओल्या चादरी दगडावर आपटाव्यात तसे फटके. समोरचा न्हावी त्यावरून वेळ सांगायचा. ‘म्हातारा गुरू मेला, म्हणजे एक वाजला,’ म्हणायचा, आणि गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारायचा.

वरच्या केबिनमध्ये ऑपरेटर. एकतीस वर्षं त्या केबिनमध्ये काढलेला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं त्यानं जे केलं ते ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालणार. घाला खुशाल. पण वाईट माणसानं तसं केलं नसतं. वाईट माणूस एवढा विचारच करत नाही दुसऱ्याचा.

तळहाताएवढ्या काचेतून त्यानं हाणामारीच्या पिक्चरचं अख्खं पुराण पाहिलं होतं. आधी तलवारींची आली. त्यात लोक झाडांच्या शेंड्यांवरून चालायचे, आणि दोऱ्या लपवायची अक्कल अजून कुणाला आली नव्हती. पण पब्लिक एवढं भलं, की दोऱ्या दिसूनही न दिसल्यासारखं करायचं. मग नुसत्या हातांची आली. तलवार गेली, अंगातला सदराही गेला, उरले दोन हात आणि दोन पाय. त्या वेळचे नट खरोखर शिकलेले, म्हणून कॅमेरा लांब ठेवायचे. डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसायचा, एका दमात दहा-बारा फटके, मध्ये कापाकापी नाही. मग हसवणारी आली. शिडी, स्टूल, केराची बादली, जे हाताला लागेल त्यानं हाणायचं आणि वर स्वतःचंच ढुंगण चोळत पळायचं. मग माणूस हवेत टांगायच्या तारा आल्या, मग कॉम्प्युटर आला, आणि ऑपरेटरच्या मते तिथं सगळं आटोपलं. ‘ज्याला पडून लागतच नाही त्याचं काय डोंबल बघायचं?’ असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याला जुनीच आवडायची, आणि मालकाकडे होती तीही जुनीच. कधीकाळी कायमच्या विकत घेतलेल्या आठ प्रिंट. त्याच आलटून पालटून.

खाली बसायचे कोण? हमाल, रात्रपाळी उरकून आलेले पहारेकरी, काम सुटलेले, काम न लागलेले. गोष्ट त्यांना तोंडपाठ. गरिबाचं पोर असतं, त्याच्या गुरूला कुणीतरी मारतं, पोर मार खातं, डोंगरावर जातं, तिथं वर्षभर पाण्याच्या बादल्या वाहतं, हीच विद्या होती हे त्याला मागाहून कळतं, आणि मग ते खाली येऊन एकेकाला धरून बडवतं. बादल्या तर खाली बसलेलेही जन्मभर वाहतच होते. त्यांच्या बादल्यांची विद्या काही झाली नाही, एवढंच. पण दोन तास ती होते असं वाटायचं. रिकाम्या हाताच्या माणसाला ‘अरे, तुझे हात पुरे आहेत’ असं सांगणारं त्या गावात दुसरं कुणी नव्हतं. ऑपरेटरला हे कळत होतं. आपण खोटं दाखवतो, पण भल्याचं खोटं दाखवतो, असं तो म्हणायचा. ही त्याची खोड लक्षात ठेवा.

तर या सगळ्या बाप्यांत एकच बाई यायची. दर गुरुवारी. गुरुवारी मनोऱ्याचं पिक्चर असायचं.

तिला सगळे वहिनी म्हणत. घरात चार धाकटे दीर, ते वहिनी म्हणायचे. त्यांचं ऐकून घर म्हणायला लागलं, मग गल्ली, मग स्टुडिओचा कपडेपट, जिथं ती शिवणयंत्रावर बसायची, आणि शेवटी थिएटरचा डोअरकीपर. खरं नाव कागदपत्रांवर असेल तेवढंच. आणि तिचा मुलगा होता पडणारा.

पडणारा म्हणजे काय, ते सांगायला हवं. हाणामारीच्या पिक्चरमध्ये मारणारा एक असतो आणि पडणारे पन्नास. फटका खरा वाटतो तो मारणाऱ्यामुळं नव्हे, पडणाऱ्यामुळं. त्यातला जो चांगला पडतो, त्याला नायकाच्या जागी उभं करतात. नायकाची जिथं तंतरते, तिथं नायकाचे कपडे चढवून, नायकाच्या केसांचा टोप घालून यानं उडी टाकायची. नियम एकच: तोंड कॅमेऱ्याला दाखवायचं नाही. तोंड दिसलं की उडी फुकट, चढ परत वर. वहिनीचं पोर यात पटाईत. चौदा पिक्चरमध्ये वहिनीनं आपल्या मुलाची पाठ पाहिली. तेव्हा सोबत नेलेल्या शेजारणीला कोपरानं ढोसून सांगायची, ‘ती पाठ बघ. ती माझी.’ त्याच्या गुडघ्यांना, कोपरांना, कमरेला कापसाच्या गाद्या तीच शिवायची, दुहेरी टाक्यानं. डोक्याला काही शिवता येत नाही. तिथं टोप असतो.

पंधरावं पिक्चर मनोऱ्याचं. लाकडी मनोरा, तीन मजली उंच. खाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचलेली, वर गाद्या. ‘खोकी दिसतायत,’ कॅमेऱ्यामागून कुणीतरी ओरडलं, म्हणून ढीग दोन हात मागं सरकवला. दोन हात म्हणजे किती, ते वरून उडी टाकणाऱ्याला विचारा. हवेत असतानाच पोराला कळलं असावं. त्यानं अंग वळवलं, आणि पंधरा पिक्चरमध्ये पहिल्यांदा त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे आलं.

तोच शॉट पिक्चरमध्ये राहिला. तोंड दिसलं तरी राहिला. परत उडी टाकायला तो येणार नव्हता ना.

दीड सेकंदाचा तो चेहरा. पब्लिकला तो कधी दिसलाच नाही. पब्लिक टोप बघून नायकच समजायचं आणि शिट्ट्या मारायचं. वहिनीला दिसला. तोंड उघडतं, ओठ हलतात, पोर काहीतरी बोलतं. आवाज नाही, कारण त्यावर नायकाची आरोळी चढवलेली. काय बोललं? बस, तेवढंच तिला हवं होतं. घरात त्याचे फोटो होते की. पण फोटोत तो शहाण्यासारखा तोंड मिटून बसलेला. जाताना पोर काय म्हणालं हे आईला कळायला नको?

त्या पिक्चरची पुढं कॅसेट निघाली, तीही तिनं आणून पाहिली. टीव्हीच्या चौकोनात बसवायला कॅसेटवाल्यांनी पडद्याच्या दोन्ही कडा छाटल्या होत्या, आणि पोर नेमकं कडेला. कॅसेटमध्ये मनोरा आहे, आरोळी आहे, पोर नाही. कंपनी बुडाली, मूळ फिल्म कुठल्याशा गोदामात ओल लागून चिकटून गेली. म्हणजे तो चेहरा हलताना दिसायची जागा जगात एकच उरली: हे थिएटर, गुरुवार, शेवटचं रीळ.

अकरा वर्षं ती येत होती. आधी मागं बसायची, पण ओठांवर नजर ठरेपर्यंत ते दीड सेकंद संपायचे. मग डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागला, तशी एकेक रांग पुढं सरकली. आता तिसऱ्या रांगेत होती. तिथून चेहरा घराएवढा दिसायचा, पण त्यात ओठ कुठले आणि सावली कुठली, ते उमगायचं नाही. तरी यायची.

ऑपरेटरला यातलं अर्धंच ठाऊक होतं. पोर तिथं मेलं, एवढं त्याला प्रिंट आली त्याच दिवशी, पहिल्या खेळाआधी, डोअरकीपरनं सांगितलं होतं. त्या दिवसापासून शेवटच्या रिळात मनोरा दिसला की हा काचेकडे पाठ करून आधीची चालवून झालेली रिळं उलटी गुंडाळत बसायचा. आरोळी झाली, शिट्ट्या झाल्या, की वळायचा. अकरा वर्षांत एकदाही त्यानं तो चेहरा पाहिला नाही. मरणारं माणूस फुकटात बघू नये, असं त्याला वाटायचं. आणि ही बाई दर आठवड्याला येऊन बघते, म्हणजे स्वतःला शिक्षा करून घेते, हे त्यानं आपलं आपणच ठरवून टाकलं. तिला विचारलं? छे! जिना उतरून पाच पावलं चालायचं होतं. विचारायला काय जात होतं याचं?

एका बुधवारी सकाळी डोअरकीपर वर आला. स्वारी खुशीत होती.

‘ऐकलंस का? वहिनीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे. पट्टी सुटली, चष्मा आला. उद्या येतेय. म्हणाली, आता लख्ख दिसणार.’

‘लख्ख?’

‘लख्ख म्हणजे लख्ख. भिंतीवरची मुंगी दिसते म्हणाली.’

डोअरकीपर गेला आणि ऑपरेटर विचारात पडला. इतके दिवस निदान धुरकट तरी होतं. उद्या ती बाई नव्या काचांतून आपलं पोर मरताना लख्ख बघणार, आणि ते दाखवणार कोण? आपण. आपल्या हातानं. त्या दिवशी बाराच्या खेळात कोण कुणाला मारत होतं, त्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

खेळ सुटल्यावर त्यानं मनोऱ्याच्या पिक्चरचं शेवटचं रीळ डब्यातून काढलं. गुंडाळायच्या टेबलावर चढवलं, खालचा दिवा लावला. उडी सुरू होते ती पाठमोरी चौकट सापडली, तिथं पांढऱ्या पेन्सिलीची खूण केली. मग नायक दात काढून हसतो ती चौकट सापडली, तिथं दुसरी खूण. मधलं त्यानं पाहिलं नाही. बोटांखालून जाऊ दिलं आणि अंगठ्यानं कडेची भोकं चाचपत मोजलं. चौतीस चौकटी. कात्री लावली, दोन टोकं एकमेकांना भिडवून चिकटपट्टीनं जोड दिला. झकास जोड, कुणाला कळणार नाही असा. हातात कला होती, त्यात वाद नाही.

तो तुकडा नुसता खिशात ठेवला असता तरी चाललं असतं हो! पण याला वाटलं, उद्या कुणी मागितला तर आपण विरघळू. म्हणून गच्चीवर गेला, रंगाच्या रिकाम्या डब्यात तुकडा टाकला आणि काडी लावली. आधी वितळला, मग पेटला. वाईट वास सुटला. ऑपरेटर जवळ उभा राहून बघत होता, आणि कितीतरी वर्षांनी आपल्या हातून काही चांगलं घडलं म्हणून त्याचे डोळे भरून आले. अति शहाणा, दुसरं काय!

गुरुवारी वहिनी आली. डोअरकीपरनं दार धरलं, वर ‘या, नव्या डोळ्यांच्या’ म्हणून थट्टा केली, तीही हसली. इस्त्रीचं लुगडं, केस चापून बसवलेले. तिसऱ्या रांगेत न बसता सहाव्या रांगेत मधोमध बसली, जिथून पडदा नीट दिसतो. ऑपरेटरनं काचेतून ते पाहिलं. बाईला हसताना त्यानं आधी पाहिलं नव्हतं.

गुरू मेला. बादल्या झाल्या. शेवटचं रीळ सुरू झालं. आज पाठ फिरवायचं काही कारण नव्हतं, म्हणून ऑपरेटर काचेला नाक लावून उभा राहिला. मनोरा आला. पाठमोरं पोर कठड्यावर चढलं, हात पसरले, उडी टाकली आणि नायक हसला. आरोळी अर्ध्यातच तुटली, कारण फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या थोडी पुढं असते, आणि चित्र कापलं की आवाज भलतीकडेच कापला जातो. तरी शिट्ट्या पडल्या. पब्लिकला काय, सवय.

वहिनी उठून उभी राहिली. मागचे ओरडले, ‘ओ बाई, खाली बसा!’ ती बसली नाही. वळली, आणि वर काचेकडे बघायला लागली. झोताचा उजेड तिच्या चष्म्यावर पडला होता.

लोखंडी जिना ती कशी चढली कुणास ठाऊक. पब्लिकपैकी कुणी त्या जिन्यावर पाय ठेवल्याचं डोअरकीपरला आठवत नव्हतं. धापा टाकत दारात उभी राहिली. ऑपरेटरनं घाईघाईनं स्टूल पुसलं, पुढं केलं.

‘भाऊजी, आज फिल्म तुटली का हो?’

हो म्हणायचं होतं. जुनी प्रिंट, तुटते. पण याला वाटलं, आपलं भलेपण निदान तिला तरी कळावं.

‘तुटली नाही वहिनी. मी काढला तेवढा तुकडा. म्हटलं, आता तुम्हाला स्पष्ट दिसणार... कशाला बघायचं ते. आईनं बघण्यासारखं नाही ते.’

‘काढला,’ वहिनी म्हणाली. ‘बरं. मग कुठाय?’

‘जाळला.’

‘सगळा?’

‘सगळा.’

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. वहिनी स्टुलावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. मग शिवणाचं माप सांगावं तशा आवाजात तिनं त्याला सगळं सांगितलं. चौदा पिक्चरमधली पाठ, पंधराव्यातले ओठ, कॅसेटची छाटलेली कड, एकेक रांग पुढं सरकणं. ‘डॉक्टर म्हणाला, या वयात कशाला दोन्ही डोळे एकदम. मी म्हटलं, नाही, दोन्ही करा. मला एक गोष्ट बघायचीय.’

ऑपरेटर ऐकत होता. आपण काय केलं ते त्याला आता कळलं. माणसाला कळतं, पण नेमकं काडी विझल्यावर.

‘जाऊ दे,’ ती म्हणाली, आणि एकदम तिच्या चेहऱ्यावर आशा आली. ती आशा बघवत नव्हती. ‘भाऊजी, पण तुम्ही तर बघितलंय की! इतकी वर्षं, दर गुरुवारी, वरून. तुमचे डोळे चांगले. तुम्हाला तर पाठ असेल. सांगा ना, काय म्हणत होता तो?’

आता काय सांगणार? मी बघितलंच नाही, म्हणणार? जे जाळलं ते काय होतं तेच मला ठाऊक नाही, म्हणणार? मरताना पोरं काय म्हणतात? सगळी एकच म्हणतात की. आणि भल्याचं खोटं बोलायची त्याची एकतीस वर्षांची सवय.

‘आई,’ तो म्हणाला. ‘आई म्हणाला, वहिनी.’

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

‘नक्की?’

‘अगदी स्पष्ट. कितीदा बघितलं मी. तोंड असं उघडलं, आणि... आई.’

‘परत म्हणा.’

‘आई.’

‘अजून एकदा.’

तो म्हणाला. नव्या चष्म्यातून ती त्याचे ओठ बघत होती. मग तिनं मान खाली घातली.

‘तो मला वहिनी म्हणायचा,’ ती म्हणाली. ‘चार काका वहिनी म्हणायचे, तेच शिकला. लहानपणी मी किती मागं लागले, मला आई म्हण रे, आई म्हण. लाजायचा. जन्मात कधी म्हणाला नाही. वहिनी म्हणताना खालचा ओठ वरच्या दाताला लागतो, भाऊजी. तो लागतो का, एवढंच बघायचं होतं मला.’

ऑपरेटरनं नजर प्रोजेक्टरकडे वळवली.

‘तुम्ही कधी बघितलंच नव्हतं, होय ना?’

त्यानं मान हलवली. नाही.

‘असू दे,’ वहिनी म्हणाली. ती उठली. चष्मा काढला, रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला आणि कठडा चाचपत, एकेक पायरी जोखत, जिना उतरून गेली. खाली डोअरकीपर काहीतरी विचारत होता. तिनं काय उत्तर दिलं ते वर ऐकू आलं नाही.

ऑपरेटर गच्चीवर गेला. डब्याच्या तळाशी काळी खपली होती. नखानं खरवडली, तिचा चुरा झाला.

पुढच्या गुरुवारी डोअरकीपरनं सहाव्या रांगेतली मधली खुर्ची पुसून ठेवली होती. ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पिक्चर मात्र चालू राहिलं, पब्लिकला ते आवडायचं. शेवटचं रीळ लागलं की ऑपरेटर हातातलं काम टाकून उठतो आणि काचेला डोळे लावतो. पोर कठड्यावर चढतं, हात पसरतं. पाठ दिसते. मग लगेच नायक हसतो, खाली शिट्ट्या पडतात, आणि तो तसाच डोळे फाडून बघत राहतो.